धरणारी आणि सोडवणारी

“ज्याच्यावर याचा जीव आहे त्याने धरायचं नाही,” डॉक्टर टेबलावर टॉवेल पसरत म्हणाले. “चोच घासताना जो धरतो, त्याच्यावर पोपट डूख धरतो. माझा मदतनीस धरेल.”

“किती दिवस धरतो डूख?” सासूबाईंनी विचारलं.

“काही महिनाभर. काही जन्मभर.”

“मग मीच धरते.”

बाईंना ऐकू कमी येत असावं, असं डॉक्टरांना वाटलं. त्यांनी तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने आणि सावकाश म्हटलं.

“कान शाबूत आहेत माझे,” सासूबाई म्हणाल्या. “बिघाड पोटात आहे.”

पिंजऱ्यात मुकादम दांडीवर फेऱ्या घालत होता. घरातल्या प्रत्येकाच्या कामावर देखरेख ठेवतो म्हणून त्याचं नाव मुकादम. वरची चोच वाढून गळ्याकडे वळली होती, त्यामुळे समोरचा माणूस कामावर उशिराच आलाय असा भाव त्याच्या तोंडावर कायमचा बसला होता. डॉक्टरांच्या मते दोष लाडाचा. सासूबाई त्याला सगळं भिजवून, कुस्करून भरवत. कुरतडायला काही नाही, मग चोच झिजणार कशी? सुनेचं मत वेगळं होतं. कुरतडायला ती होती. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी मुकादमाने अंगठ्याला चावून तिला घरात घेतलं होतं, आणि तेव्हापासून तो तिला नेमाने घेत आला होता.

सोमवारी सासूबाईंचं ऑपरेशन होतं. ‘जाल आणि याल’ असं घरी सगळेच म्हणत, पण म्हणताना कोणी कोणाकडे बघत नसे. गेल्या वर्षी त्या भाचीच्या लग्नाला गेल्या, तर मुकादमाने दुसऱ्या कोणाच्या हातचा दाणा घेतला नव्हता. त्या परत आल्या तेव्हा छातीची पिसं उपटून तो सोललेला बसला होता.

सासूबाई सुनेकडे वळल्या. “तू दाराबाहेर थांब. घासून होत आलं की मी खोकेन. आत ये, माझ्यावर ओरड आणि त्याला माझ्या हातातून काढून घे.”

“ओरडू? तुमच्यावर?”

“आपल्याला कोणी सोडवलं, ते कळायला नको त्याला?”

“ही पद्धत मी कुठे शिकलो नाही,” डॉक्टर म्हणाले. पण घरी त्यांनाही सासू असावी. त्यांनी वाद वाढवला नाही.

सून बाहेर बाकावर बसली. शेजारी एक गृहस्थ मांजर घेऊन बसले होते. आत यंत्र घरघरू लागलं आणि मागोमाग एक किंकाळी आली.

“आत कोण आहे तुमचं?” गृहस्थांनी विचारलं.

“सासूबाई.”

गृहस्थ मांजरासकट जरा पलीकडे सरकले.

खोकला आला. सून आत गेली. मुकादम टॉवेलात गुंडाळलेला, फक्त डोकं बाहेर. छाती दाबायची नाही, दोन बोटांनी जबडा धरायचा, हे डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं सासूबाईंनी धरलं होतं. तो आता ओरडत नव्हता. नुसता त्यांच्याकडे बघत होता. त्याही नजर काढत नव्हत्या.

“सोडा त्याला, आई,” सून म्हणाली.

“हे ओरडणं झालं? चहा घेणार का विचारल्यासारखं.”

सुनेने तोंड उघडलं. या ओरडण्याची तालीम तिने न्हाणीघरात नळ सोडून कितीदा केली होती. मुद्दे तयार होते, अगदी क्रमवार. आज खुद्द समोरून परवानगी मिळाली, तर एक मुद्दा आठवेल तर शपथ.

“आटप गं. हात भरून आलेत माझे.”

“सोडा म्हटलं ना.” आवाज चढला आणि मधेच फाटला. “कोणी सांगितलंय तुम्हाला हे करायला? परत येणार आहात ना तुम्ही? मग त्याला असं तोडताय कशाला?”

यंत्र केव्हाच बंद झालं होतं. डॉक्टर टेबलाचा खण उघडून त्यात काहीतरी शोधू लागले.

“हां,” सासूबाई म्हणाल्या. “आता घे.”

टॉवेलातून सुटलेला मुकादम तिच्या बाहीवरून थेट खांद्यावर चढला आणि केसांत तोंड खुपसून थरथरत राहिला. सुनेने डोळे घट्ट मिटून चाव्याची वाट पाहिली. चावा आला नाही.

“आता याला कडक द्या,” डॉक्टर म्हणाले. “अख्खे दाणे, लाकडाचा तुकडा.”

“हिला सांगा,” सासूबाई टॉवेलची घडी घालत म्हणाल्या.

परतताना गाडीत पिंजरा दोघींच्या मधे होता. मुकादम दांडीच्या सुनेकडच्या टोकाला अंग चोरून बसला होता. सासूबाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग सवयीने, न बघताच, त्याची मान खाजवायला त्यांनी एक बोट गजांतून आत घातलं.

मुकादम दांडीवरून सरकत आला. त्याने बोट नीट निरखलं आणि सगळा जोर लावून चावला. त्यांना तो आजवर कधी चावला नव्हता.

सून पुढे झुकली. “आई, हात काढा.”

“राहू दे,” सासूबाई म्हणाल्या. “घासलीय चोच. लागत नाही.”

घर येईपर्यंत त्यांनी बोट काढलं नाही. त्यानेही सोडलं नाही.