विकतचं काहीच नाही

जंगलातल्या मोकळ्या जागेत नवऱ्याने पोतडी उघडली आणि मित्र भोवती जमले. महिनाभर तो एका मित्राच्या गॅरेजमध्ये ठोकाठोक करत होता. ती कशासाठी, हे बायकोलाही आजच कळणार होतं.

"विकतचं काहीच नाही," तो ऐटीत म्हणाला. "आपले पूर्वज कुठे दुकानात जात होते?"

भोकं पाडलेल्या डब्याची चूल पहिल्या काडीत पेटली. डब्याला पोचा होता आणि तो बायकोच्या ओळखीचा होता. पिठाचा डबा तिच्याच हातून पडला होता. तंबू उभा राहिला, तेव्हा हॉलच्या पडद्यावरची निळी फुलं वाऱ्यावर डोलू लागली. झोपायची पिशवी तर पाहुण्यांच्या रजईचीच होती.

"वहिनी, हा भलताच कलाकार निघाला," एक मित्र म्हणाला. "तुम्ही काही हातभार लावलात की नाही?"

"लावला ना," ती चुलीकडे बघत म्हणाली. "घरातून एकेक वस्तू जायला लागली, तेव्हा हेच म्हणाले, कामवाल्या मावशींवर लक्ष ठेव. मी त्यांना काढूनच टाकलं."