डोळे मिटू नका

काचेचा तुकडा मांडीवरून फिरला तेव्हा मुकादमाला आधी दुखलंच नाही. त्याच्या मुठीत काडीची मानगूट होती. काडी म्हणजे काच कापायच्या टेबलावरचा किडमिडीत कामगार. एक मोठी काच त्याच्या हातून तडकली, म्हणून मुकादमानं त्याच्या कानफटात दिली. तो उलट बोलला, म्हणून त्याचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. दोन दात फरशीवर पडले. पुन्हा आपटणार, तोच काडीचा हात चाचपडत गेला आणि जे सापडलं ते त्यानं मागं फिरवलं.

मग पँट ओली झाली. रक्ताचा ओघळ बुटात उतरला. आपलंच रक्त आहे हे कळलं तसा मुकादम फरशीवर बसला.

"बघताय काय! उचला ना!" कोणीतरी ओरडलं.

उचलायला कोणी पुढं होईना. शेवटी दोघांनी त्याला काखेत धरून प्रथमोपचाराच्या खोलीपर्यंत ओढत नेलं आणि खाटेवर टाकलं, पोतं टाकावं तसं.

खोलीत सिस्टर होती. कारखान्याची नर्स, आणि मुकादमाची मेहुणी. त्याच्या बायकोची धाकटी बहीण.

तिनं कात्रीनं पँट उभी फाडली आणि जखम पाहिली. मागं न वळता ती म्हणाली, "मोठी नस तुटलीय. गाडी बोलवा. आणि सगळे बाहेर थांबा, इथं गर्दी नको."

"मोठी नस म्हणजे?" मुकादम उठून बघू लागला.

"आडवे व्हा, भाऊजी. खाली बघू नका, चक्कर येईल."

तिनं जखमेवर कापसाची जाड घडी ठेवली आणि दोन्ही तळव्यांनी अंगाचा सगळा भार टाकला. मुकादम किंचाळला. त्यानं तिचं मनगट पकडून पिरगाळलं.

"हळू, सटवे!"

"सोडा. माझा हात सुटला की तुमचं रक्त सुटेल."

त्यानं हात सोडला. कोणी सोड म्हटल्यावर सोडल्याचं त्याला तरी आठवत नव्हतं.

मग तिनं जखमेच्या वर पट्टा बांधला, त्यात लाकडी दांडी अडकवली आणि पिळत गेली. मांस हाडापर्यंत चेंगरतंय असं त्याला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं.

"पायाला मुंग्या येताहेत?"

"येताहेत."

"आता बधिर होईल. मग गार पडेल. झाला गार की सांगा."

पाय खरंच बधिर झाला. त्यानं बोटं हलवून पाहिली; हलली की नाही कळलं नाही. तोंडाला कोरड पडली.

"पाणी दे."

"पाणी देता येत नाही अशा वेळी." तिनं ओलं फडकं त्याच्या कपाळावर ठेवलं. गारठा मानेपर्यंत उतरला. "डोळे मिटू नका. मिटले की संपलं. बोलत राहा माझ्याशी."

"गाडी कुठवर आली?"

"येईल."

"वाचेन ना मी?"

तिनं घडी उचलून खाली टाकली, दुसरी ठेवली. त्याला फक्त लाल दिसलं.

"आईला काही निरोप द्यायचाय का?" तिनं विचारलं. "ताई निघून गेल्यापासून आई दाराला कडी घालत नाही. आली तर दार उघडं असावं, म्हणते. तुमच्याविषयी मात्र एक वावगा शब्द नाही तिचा. जावई बिचारा एकटा पडला, म्हणते."

पाय आता त्याचा उरलाच नव्हता. हे असंच वर सरकत येणार, कमरेपर्यंत, छातीपर्यंत.

"ती गेली नाही," तो म्हणाला.

सिस्टरचे हात हलले नाहीत. "मग?"

"उलट बोलली मला. मी लाथ घातली. पोटात. मागं पडली ती, डोकं ओट्याच्या कडेवर..." तो रडू लागला. "मारायचं नव्हतं गं मला."

"पडल्यावर श्वास चालू होता?"

त्यानं डोळे मिटून घेतले.

"भाऊजी, डोळे उघडे ठेवा. श्वास चालू होता?"

"होता."

"किती वेळ?"

"उजाडेपर्यंत."

"आणि तुम्ही कोणाला बोलावलं नाहीत."

"घाबरलो गं! हाक मारत होती. तोंडावर उशी ठेवली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. नुसती ठेवली होती, दाबली नाही. देवाशपथ, दाबली नाही."

सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज तसाच मऊ राहिला.

"कुठं आहे ताई?"

"दोन नंबरच्या शेडमागं. भंगार काचेच्या खड्ड्यात. अगदी तळाशी. आता तरी वाचव मला. तुझ्या पाया पडतो."

सिस्टर उठली. तिनं दांडी उलटी फिरवली आणि पट्टा सोडला. मेलेला पाय मुंग्यांनी पेटून उठला. मुकादम ओरडला, "हे काय करतेस? रक्त!"

तिनं घडी उचलली आणि त्याची हनुवटी धरून मान खाली वळवली. मांडीवर बोटभर लांबीची उथळ चीर होती. कातडीपुरती; नस शाबूत होती. रक्त थांबून कडेला सुकायलाही लागलं होतं.

तिनं जाऊन दार उघडलं. बाहेर पाळीवरचे सगळे कामगार उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ऊठ," ती म्हणाली. "चार टाके पडतील, ते मागाहून घालीन. आधी खड्डा दाखव."