पावसाची खबर

ओरिक्स जातीच्या हरणाच्या मादीने वाळक्या काड्या चघळणं थांबवलं आणि मान उंच केली. वारा नैर्ऋत्येकडून येत होता. ती बराच वेळ तशीच उभी राहिली, मग वळली आणि वाऱ्याच्या दिशेने चालू लागली. तिच्यामागे तिचं पाडस निघालं. पाडसामागे कळपातली बाकीची.

"निघाली," थाबित म्हणाला. तो गाडीच्या सावलीत पडला होता, उठून बसला. "कुठेतरी पाऊस झालाय."

"गाफच्या झाडांच्या खोलगटात. काल संध्याकाळी," त्याचा भाचा लुवैती म्हणाला. "मला सकाळी रेडिओवर कळलं. हिला रेडिओचीही गरज नाही."

दोघेही हरासीस जमातीचे. ओमानच्या या सपाट, दगडी माळावर ओरिक्सच्या मागे फिरून त्यांची राखण करायची, ही दोघांची नोकरी. मादीला मागच्या हिवाळ्यापासून पाणी मिळालं नव्हतं. पहाटेच्या धुक्याचं दव गवतावरून चाटून तिने दिवस काढले होते. त्यातच ती व्याली होती. आता चाटायला गवतही राहिलं नव्हतं आणि पाडस आचळाला ढुशा देऊन देऊन थकत होतं.

"पोरगं पहिल्यांदा हिरवं गवत खाईल," लुवैती खुशीत म्हणाला. "सकाळचे पाहुणेही तिकडेच गेलेत."

"कुठले पाहुणे?"

"तुम्ही घोरत होतात, म्हणून उठवलं नाही. दोघं होते, पिकअपमध्ये. नाकाला नाक लावून सलाम केला, कॉफी दिली, खजूर दिले. त्यांनी पावसाची खबर विचारली, मी सांगितली."

थाबितने डोक्याचा रुमाल काढून पुन्हा बांधला. "गाडीत बकऱ्या होत्या?"

"नाही."

"उंट?"

"नाही."

"मग त्यांना पाऊस कशाला हवा होता?"

लुवैतीने नैर्ऋत्येकडे पाहिलं.

"मागे काय होतं गाडीत?"

"गाद्या होत्या. आणि जाळं. मला वाटलं, मुक्कामाला चाललेत."

"त्या गाद्या पकडलेल्या ओरिक्सला असतात, लेका. पाय मोडू नये म्हणून. मोडलेल्या पायाचं जनावर कोण विकत घेतं?"

लुवैतीचं तोंड उतरलं. "पण मामा, पावसाची खबर विचारली तर नाही म्हणू? आपल्यात कोणी आजवर म्हटलंय? मग मला कोण दारात उभं करेल?"

"मी जागा असतो," थाबित म्हणाला, "तर मीही सांगितलीच असती."

त्याने रेडिओ उचलला. राखणदारांच्या ठाण्यावरच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. दुसरी गाडी माळाच्या पलीकडच्या टोकाला होती, तिला यायला संध्याकाळ होणार होती. "तोवर जनावरं दुसरीकडे वळवा," तो म्हणाला.

"कशी?" थाबितने विचारलं. त्याने रेडिओ सीटवर टाकला.

"आपणच पुढे जाऊन खोलगटात थांबू," लुवैती म्हणाला.

"थांबू. ते आपली गाडी बघतील आणि अलीकडे येऊन हिला वाटेत गाठतील. उन्हाचा ताप होऊ नये म्हणून देवाने हिला पांढरं केलं. या काळ्या दगडांवर ती आंधळ्यालाही दिसेल."

त्यांनी गाडी काढली आणि कळपाला वळसा घालून ती मादीच्या समोर आडवी लावली. थाबितने हॉर्न दाबून धरला. मादी थांबली. मग तिने गाडीच्या पुढच्या बाजूने वाट काढली, अगदी जवळून, शिंगं बॉनेटला घासतील इतक्या जवळून, आणि पुन्हा वाऱ्याकडे तोंड केलं. त्यांनी पुन्हा गाडी आडवी घातली. या वेळी ती मागच्या बाजूने गेली. चाल वाढली नाही, कमीही झाली नाही. तिचे रुंद, फाकलेले खूर या माळावर दिवसभर असेच पडत राहिले असते.

"जोरात अंगावर घाला ना," लुवैती म्हणाला.

"पाडस आहे. या उन्हात पळवलं तर तापूनच मरेल. मग त्या गाद्यांचीही गरज नाही." थाबितने इंजिन बंद केलं. "आणि समजा वळवली. इथे ती काय खाणार आहे? तुझी चप्पल?"

दूर नैर्ऋत्येला, जिथे आभाळ जमिनीला टेकत होतं, तिथे धुळीचा एक बारीक पट्टा उठला होता. गाडीचा असेल, वावटळीचा असेल. दोघांनीही तो पाहिला.

लुवैती खाली उतरला. दोन्ही हात पसरून तो कळपासमोर धावला आणि ओरडला. हुर्र, हुर्र, जा मागे, मर तिकडे. त्याचा आवाज चिरकला. मादी उभी राहून त्याच्याकडे पाहत होती. जन्मापासून रोज बघितलेला माणूस होता तो. त्याचं ओरडणं संपेपर्यंत ती थांबली आणि त्याच्या बाजूने पुढे निघाली.

लुवैतीने दगड उचलला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने ओरिक्सवर दगड उगारला नव्हता. त्याने फेकलेला दगड मादीच्या कुशीवर लागला. तिची कातडी थरथरली. ती दोन उड्या मारून बाजूला झाली आणि परत त्याच वाटेला लागली.

"अजून मार," गाडीतून थाबित म्हणाला. "माणसाला भ्यायचं असतं, हे तिला आज तरी कळू दे."

लुवैतीने दुसरा दगड उचलला. त्याचा नेम चुकला आणि दगड पाडसाच्या पुढ्यात पडला. पाडस थबकलं. त्याने मान खाली घालून दगड हुंगला. मग तोंड वर करून, शेपटी हलवत ते लुवैतीकडे चालत आलं.