कानावर बसेल अशी टोपी

टोपी पुन्हा वर सरकली.

सुचिताने छकुलीला आरशासमोर उभं केलं आणि दोन्ही हातांनी टोपी कानांखाली ओढली. "हाल बरं आता." छकुली हलली, मान वाकडी करून हसली, आणि लोकरीची कड हळूहळू चढत उजव्या कानाच्या वर जाऊन थांबली. कान कसला, बोराएवढी एक गाठ. जन्मापासून तशीच. त्या बाजूने तिला ऐकू येत नसे. डाव्या कानाने मात्र ती शेजारच्या घरातलं बोलणंही टिपायची.

"सैल झाली," सुचिता पुटपुटली.

दोन टाके सुलट, दोन उलट अशा उभ्या पट्ट्यांची साधी टोपी. सपाट विणून मागून शिवलेली. सुचिताने मागची शिवण उसवली, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या थोड्या आत घेतल्या आणि जाड सुईने परत शिवली. खालची कड आत दुमडून दुहेरी केली. आता टोपी डोक्याला आवळून बसली. छकुलीने उड्या मारून पाहिल्या. टोपी हलली नाही.

"आई, टोचते."

"टोचू दे थोडं. पाहुणे जाईपर्यंत काढायची नाही."

"काऊन?"

"थंडी हाय."

संक्रांत होऊन गेली होती. चिखलीत सकाळी गारठा असे, पण आता दारातून ऊन थेट खाटेपर्यंत आलं होतं.

सारिकाला, म्हणजे सुचिताच्या नणंदेला, बघायला देऊळगाव राजाहून पाहुणे यायचे होते. याआधीही स्थळं आली होती. पोहे खाल्ले, छकुलीकडे बघितलं, आणि नंतर निरोपच आला नाही. का आला नाही, ते कोणी सांगितलं नव्हतं. शेजारीण तेवढी भिंतीवरून म्हणाली होती, "घरात असं लेकरू दिसलं की लोक विचार करतेत, बाई." त्याच दिवशी सुचिता बाजारातून लोकर घेऊन आली. घरातल्या कोणी तिला विणायला सांगितलं नव्हतं.

सासू, सिंधूताई, पोह्यांचं पातेलं घेऊन आल्या आणि थबकल्या. "काऊन वं, एवढ्या उन्हाचं लेकराच्या डोक्यात लोकर?"

"सर्दी हाय तिले, आत्याबाई."

सिंधूताईंनी टोपीकडे पाहिलं, मग सुनेकडे. सुचिता वाट पाहत राहिली. त्या 'काढ' म्हणाल्या असत्या तर तिने तेव्हाच काढली असती. पण सिंधूताई पातेलं घेऊन आत गेल्या.

पाहुणे आले. मुलाची आई जाडजूड होती. गुडघे धरत ती खाटेवर छकुलीच्या उजव्या बाजूला बसली. बाकीच्यांचं एसटी कशी मिळाली, रस्ता कसा उखडला, असं चाललं होतं. बाई छकुलीकडे वळली.

"नाव काय वं तुझं?"

छकुली समोर बघत राहिली.

"शाळेत जाते का?"

छकुलीने बाईचे हलणारे ओठ पाहिले आणि गोड हसली.

बाईचा चेहरा उतरला. तिने सुचिताकडे पाहून आवाज खाली आणला. "पोरीले ऐकू येत नाही का?"

चहाचा ट्रे घेऊन आलेली सारिका उंबऱ्यातच उभी राहिली.

"येते ना! चांगलं ऐकू येते." सुचिता धावत पुढे आली. "टोपीमुळं, दुसरं काही नाही." तिने टोपी डाव्या कानावरून वर केली. तेवढ्याच बाजूने. दुसरी बाजू तिने आणखी खाली ओढली. "आता विचारा."

"अवं, मंग काढूनच टाक ना. घामानं भिजून राह्यली पोरगी." बाईने हात पुढे केला.

छकुलीने दोन्ही तळवे उजव्या कानावर दाबले आणि ती भिंतीकडे सरकली. "नाही! आईनं सांगतलं, पाहुणे जाईपर्यंत काढायची नाही."

बाईने हात मागे घेतला. तिने त्या दोन तळव्यांकडे पाहिलं आणि मग वर, सुचिताकडे. सुचिताचे कान तापले. कोणीतरी थंडीचं काही बोलावं, असं तिला वाटलं. सिंधूताई फरशीकडे बघत होत्या.

सुचिताने छकुलीचे हात एकेक करून बाजूला केले आणि टोपी काढली. ती इतकी घट्ट होती की पोरीच्या कपाळावर लोकरीच्या पट्ट्या उमटल्या होत्या. एक खोल, एक उथळ, अशा लाल रेघांची रांग थेट कानापर्यंत गेली होती.

बाईने कान पाहिला. पदराने छकुलीचं कपाळ पुसलं. रेघा काही गेल्या नाहीत.

"तू विणली?"

"हो."

"चांगली विणली. बरेच दिवस लागले असन."

सुचिताने टोपी पदराखाली घेतली.

चहा झाला. सारिकाशी बोलणं झालं. निघताना बाईने सिंधूताईंचा हात धरला. "आम्हाले पोरगी पसंत हाय. आता तुम्ही या, आमचं घर पाहाले. सगळेच या." मग ती खाली वाकून, डाव्या कानापाशी म्हणाली, "तू पण ये वं. बालाजीच्या देवळात नेईन तुले."

सगळे हसले. सारिका आत पळाली. सिंधूताईंनी डोळ्यांना पदर लावला. सुचिताही हसायला गेली.

छकुली आईच्या साडीला बिलगली आणि नेहमीसारख्या मोठ्या आवाजात तिने विचारलं,

"आई, तिकडं दाखवायचा का कान?"

दारात चपला घालणारे सगळे जागीच थांबले.