पहिल्या खरेदीदाराची सही

थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी घरात नवा ट्रॅक्टर आला, आणि तिचं पहिलं बाळंतपण व्हायच्या आत त्याचं इंजिन जाम झालं.

आता पेरणीला बारा दिवस उरले होते. डीलरने हात वर केले, तेव्हा मुलाने थेट कंपनीला पत्र लिहिलं. आज कंपनीचा तपासनीस दारात उतरला होता.

"मालक कुठे आहेत?" जोडे काढायच्या आधीच त्याने विचारलं. "मी फक्त पहिल्या खरेदीदाराशी बोलतो. मुलगा, जावई, पुतण्या, कुणी चालत नाही. वॉरंटी त्याची, सहीही त्याचीच."

"हे काय, बसलेत," मुलगा म्हणाला. "बाबा, कंपनीचे साहेब आलेत."

खिडकीजवळच्या खुर्चीत म्हातारा बसला होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि बघणं चष्म्यावरून. मागच्या भिंतीवर एक रिकामा खिळा होता. टेबलाखालून कुत्रा गुरगुरला.

"चावतो का?" तपासनिसाने पाय वर घेतले.

"नाही, नाही. अनोळखी माणूस दिसला की गुरगुरतो."

कुत्रा खुर्चीकडे तोंड करून गुरगुरतच राहिला.

तपासनिसाने फाईल उघडली. "मीटरवर दोनशे बारा तास. पहिली सर्व्हिस वेळेवर. पंपाचं सील शाबूत. ऑइल, पाणी, सगळं ठीक."

"मग इंजिन द्या की," म्हातारा म्हणाला.

"देतो. पण ट्रॅक्टर बंद पडला कुठे? डीलरच्या मेकॅनिकने लिहिलंय, शेजाऱ्याच्या रानात. शेजाऱ्याने स्वतः तसं सांगितलं. दुसऱ्याच्या रानात भाड्याने चालवला, तर वॉरंटी संपली."

म्हातारा खाकरला. "शेजाऱ्याचं काय ऐकता? चार हातांच्या पट्टीवरून तीस वर्षं भांडतोय. तिथे धड गवतही उगवत नाही. हेकट माणूस."

"नुसता हेकट?" स्वयंपाकघरातून मुलाच्या आईचा आवाज आला. "चोर म्हणा, चोर! हद्दीचा दगड सरकवणारा!"

"दगड नाही सरकवला त्याने," म्हातारा पटकन म्हणाला.

"सरकवला!" आत भांडं आपटलं.

"आई!" मुलगा ओरडला.

"बरं," म्हातारा पुटपुटला. "सरकवला असेल. वीतभर."

तपासनीस मनापासून हसला. "घरोघरी हेच. आमची सुरू झाली की मी गच्चीत जाऊन बसतो."

दाराच्या फटीतून एक हात आला, दोन कप ठेवून गेला. म्हाताऱ्याने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर नाही यात."

"डॉक्टरांनी बंद केलीय ना, बाबा," मुलगा घाईने म्हणाला.

तपासनिसाने आपला कप संपवला. "असं करा, त्या शेजाऱ्यालाच बोलवा. समोरासमोर होऊन जाऊ दे."

"तो घरी नाही."

"कशावरून?"

"मला ठाऊक आहे ना."

"मग तुम्ही लेखी द्या. ट्रॅक्टर कोणाच्या हद्दीत बंद पडला?"

म्हाताऱ्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि चष्म्याशिवायच खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बॉनेट उघडलेला लाल ट्रॅक्टर उभा होता. नवाकोरा, सीटवरचं प्लॅस्टिकही अजून निघालं नव्हतं. उतारावर त्याच्या अलीकडे एक दगड, पलीकडे वर दुसरा.

"या घराची हद्द वरच्या दगडापर्यंत," तो म्हणाला. "ट्रॅक्टर त्या दगडाच्या अलीकडे आहे. म्हणजे याच घराच्या रानात."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला.

"नक्की?"

"नक्की. लिहा. पट्टी या घराची होती, आहे आणि राहील."

मुलाने चमकून पाहिलं. "बाबा, एवढं सगळं कशाला..."

"तू गप्प बस. पेरणी करायचीय ना तुला?"

तपासनिसाने दोन प्रती लिहिल्या. म्हाताऱ्याने पेन घेतलं आणि न थांबता सही ठोकली, शेवटच्या वेलांटीसकट. तपासनिसाने ती वॉरंटी कार्डावरच्या सहीशेजारी धरली.

"हुबेहूब! परवा एका मालकाला स्वतःचीच सही जमेना."

"तीस वर्षं बघतोय ही सही. दर नोटिशीवर."

"नोटिशीवर?"

"शेजाऱ्याला पाठवलेल्या," मुलगा मध्येच म्हणाला. "कोर्टाच्या."

"असं होय. तर एक प्रत मी नेतो. दुसरीवर, इथे खाली, शेजाऱ्याची सही घेऊन पाठवा. म्हणजे उद्या त्याने पुन्हा कटकट करायला नको. करेल ना तो?"

"करेल. त्याला मी जामीन."

"आठ दिवसांत नवं इंजिन बसेल," तपासनीस उठत म्हणाला. "तुमच्यासारखा सरळ माणूस या नोकरीत फार क्वचित भेटतो, आजोबा."

मोटार वळणाआड गेली. म्हाताऱ्याने उरलेली प्रत पुढे ओढली आणि 'शेजारी' लिहिलेल्या ओळीवरही सही केली. ही करताना त्याला जरा वेळ लागला.

तेव्हा कुठे मुलाची आई बाहेर आली. काखेतला फोटो तिने रिकाम्या खिळ्याला परत लावला, आधीचा कप उचलला, आणि वाफाळता दुसरा कप म्हाताऱ्यासमोर ठेवला.

"साखर घातलीय, भाऊजी."

शेजाऱ्याने चहा संपवला, चष्मा फोटोखालच्या फळीवर ठेवला आणि बांध ओलांडून आपल्या घरी गेला. ट्रॅक्टरचा पहिला खरेदीदार इंजिन जाम झाल्यापासून पाचव्या दिवशी, मंगळवारी सकाळी वारला होता.