तमोगुणाचा दाखला

सत्त्व सांगून झालं, रज सांगून झालं. तमोगुणाशी आल्यावर श्रीनाथबुवांना आयता दाखलाच मिळाला.

"निद्रा, आळस, जडपणा," बुवा माईकमध्ये म्हणाले आणि त्यांनी खांबाकडे बोट केलं. "शोधायला लांब जायला नको."

खांबाला टेकून दत्तू झोपला होता. तोंड उघडं, अंघोळ करूनही कानामागे कापसाचं तूस राहिलेलं. सभामंडप पोटभर हसला.

शेजारी बसलेल्या द्रौपदीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा रात्रभर कापडाच्या कारखान्यात चार लूम, म्हणजे यंत्रमाग, सांभाळून सकाळी सुटला होता. सप्ताहातली आजची आरती त्या दोघांची, म्हणून पाठही न टेकता अंघोळ करून तसाच आला होता. त्यात भिवंडीतलं देऊळ, भिंतीला लागूनच कारखाना. त्या खडखडाटात त्याला झोप न लागती तरच नवल. शुक्रवारी सुट्टीला लूम बंद असले की घरी त्याचा डोळा लागत नाही. हे तिला ठाऊक, बुवांना कुठून असणार? बुवा जेवून दोन तास लवंडतात, तेव्हा मात्र त्याला वामकुक्षी म्हणायचं.

बुवा रंगात आले होते. "अशा हातांनी देवाला ओवाळायचं? भाऊ, आजची आरती तुम्ही करा."

भाऊ म्हणजे कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. ते लगेच धोतर सावरत उठले. आरतीच्या ताटाला त्यांचा हात लागणार, तोच द्रौपदीने ते आपल्या मांडीवर ओढून घेतलं.

"बुवा, तुमच्या खांद्यावर उपरणं हाय ना, ते असंच कोनीतरी रात जागून विणलंय. ते चालतं का अंगाला?"

"बाई, मी शास्त्र सांगतोय."

"मंग शास्त्रालाच इचारा, रातपाळीवाल्यानं झोपायचं कवा?"

कोणी हसलं नाही. बुवांनी माईक तोंडाशी ओढला, घसा साफ केला, आणि लाइट गेली.

गल्लीतले सगळे लूम एका दमात थांबले. डोक्यावरचा पंखा थांबला. बुवांचा आवाज एकदम एवढासा झाला.

दत्तू ताडकन उठून उभा राहिला. डोळे अजून मिटलेलेच होते. उजवा हात मात्र पुढे गेला होता, हवेत तुटका धागा शोधत.

"कुठला बंद पडला?" त्याने विचारलं.

"आपला न्हाय." द्रौपदीने मनगट धरून त्याला खाली बसवलं. "बुवांचा माईक बंद पडलाय. झोपा तुम्ही. आरतीला उठवते."