अर्धी दाढी

पोह्यांच्या बशा पाहुण्यांच्या हातात जेमतेम पोचल्या होत्या, तोच मागच्या खोलीचं दार उघडून नरसिंग थेट बैठकीत आले. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, आणि दाढी फक्त उजव्या गालाची केलेली. डाव्या गालावर पांढरे खुंट तसेच उभे.

"जयभीम पाव्हणे," ते मोकळ्या आवाजात म्हणाले. "मी पोरीचा बाप."

विशाखाच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीचा बाप रेल्वेच्या ड्युटीवर गेलाय, सुट्टीच मिळाली नाही, असं तिच्या आईनं, नागुबाईनं, बिलोलीहून आलेल्या या मंडळींना नुकतंच ठासून सांगितलं होतं.

ड्युटी कसली? नोकरीत असतानाच नरसिंगांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, बोलणं-चालणंही परत आलं. पण डावीकडचं जग त्यांच्यापुरतं पुसून गेलं. डोळे धड, तरी त्या बाजूला काही असतं हेच त्यांच्या ध्यानात येईना. तेव्हापासून सगळं घर त्यांच्या उजव्या अंगाला सरकलं होतं. खुर्च्या, पाण्याचा तांब्या, माणसंसुद्धा. राहिलेली दाढी रोज विशाखा करून द्यायची. आज साडी नेसायच्या गडबडीत ती तशीच राहिली.

आधीची स्थळं या दुखण्यानंच हुकली होती. मेंदूचं दुखणं म्हणे रक्तात उतरतं. त्या स्थळांचं विशाखाला फारसं वाटलं नव्हतं. पण हा प्रीतम तिला मनापासून आवडला होता. फोनवर तो तिला पोट धरून हसवायचा. त्याला खरं सांगून टाकावं असं कितीदा तिच्या ओठांवर आलं, आणि दर वेळी नागुबाईनं आपल्या गळ्याची शपथ घातली.

नागुबाई डोळ्यांनी नवऱ्याला आत जायला खुणावत राहिली. नरसिंगांनी तिकडे पाहिलंच नाही. ते प्रीतमशेजारी ऐसपैस बसले. विशाखानं त्यांच्याही हातात बशी दिली आणि ते पोहे खाऊ लागले. बशीचा उजवा अर्धा भाग चाटूनपुसून साफ झाला. डावीकडचे पोहे जागच्या जागी राहिले.

"एवढेसेच दिले होय गं?" त्यांनी विशाखाला विचारलं. "पाव्हण्यांदेखत बापाला उपाशी ठेवून राहिली का?"

प्रीतमचे वडील खाली मान घालून बसले. आता हे उठणार, विशाखाला वाटलं.

तेवढ्यात प्रीतमनं हात लांबवला आणि नरसिंगांच्या हातातली बशी अलगद फिरवली. डावीकडचे पोहे उजवीकडे आले.

"हे काय, हायेत की," नरसिंग खूश होऊन म्हणाले आणि पुन्हा खायला लागले.

विशाखा बघतच राहिली. घरातल्या माणसांखेरीज ही युक्ती कुणाला ठाऊक नव्हती.

"तुम्हाला कसं कळलं?" तिनं सगळ्यांदेखत सरळ विचारलं.

प्रीतमच्या वडिलांनी मान हलवून त्याला नको नको म्हटलं.

"राहू द्या बाबा आता," तो म्हणाला आणि विशाखाकडे वळला. "माझी आई पण अशीच जेवती. तिचं ताट मीच फिरवून देतो."

"पण त्यांना तर ताप आलाय ना? बिलोलीलाच राहिल्या ना त्या?"

"न्हाई. आलीय ती. बाहेर गाडीत बसलीय, बहिणीजवळ. तिला बघून स्थळ मोडंल म्हणून आत आणली न्हाई."

विशाखाला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

सगळ्यात आधी उठली ती नागुबाई. पायात चप्पलही न घालता ती लगबगीनं दाराशी गेली आणि तिथूनच प्रीतमच्या वडिलांवर कडाडली.

"कसली माणसं हाव तुम्ही? माझ्या विहिणीला गाडीत बसवून ठिवलं."